जळू नये ते खाली

या शहराला दगड नाही. नॉर्विचच्या पायाखाली खडूचे थर आणि त्या थरांत अडकलेल्या गारगोट्या, एवढंच भांडवल. कॅथीड्रलचं काम १०९६ मध्ये निघालं तेव्हा घडीव दगड समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतल्या खाणींतून जहाजाने आला. बिशपला ते परवडलं. लोकरीच्या व्यापाऱ्याला घराखाली कमान वळवायची तर फ्रान्सहून दगड मागवणं झेपणारं नव्हतं. गारगोटी भिंतीत चालून जाते, पण तिला धड कड नाही की कोपरा नाही. कमानीला नेमक्या त्याच दोन गोष्टी लागतात. म्हणून वीट आली.

*

इंग्लंडच्या पूर्व अंगाच्या या शहरात जुन्या घरांखाली विटांच्या कमानींची तळघरं आहेत. साठेक तरी नोंदलेली आहेत, बहुतेक चौदाव्या-पंधराव्या शतकांतली. इंग्रज त्यांना अंडरक्रॉफ्ट म्हणतात. वर आज कॉफीचं दुकान असेल, वकिलाची कचेरी असेल, चष्मेवाला असेल. खाली पाच-सहाशे वर्षांची वीट.

*

तळघर म्हटलं की जमिनीच्या पोटात खोल गेलेली जागा डोळ्यांपुढे येते. यातली बरीच तशी नाहीत. वेन्सम नदीच्या बाजूला शहर उतरत जातं, आणि उतारावर घर बांधायचं तर आधी सपाटी हवी. उताराच्या खालच्या अंगाला कमानी उचलल्या की वर जोतं आपोआप मिळतं. मागच्या अंगणातून पाहिलं तर तळघराला सरळ चालत जाता येईल असं दार, पुढच्या रस्त्यावरून पाहिलं तर सगळं जमिनीखाली. एका खर्चात जोतंही झालं आणि कोठारही झालं. घर बांधणारा व्यापारी होता, हे सांगायला वेगळा शिलालेख नको.

*

बाजारपेठेजवळच्या एका दुकानाची मालकीण खाली न्यायला तयार झाली. "डोकं सांभाळा," ती म्हणाली आणि तेवढ्यात माझं डोकं आपटलंच. पायऱ्या अरुंद, वळणाच्या. खाली दिवा लावल्यावर आधी दिसल्या बिलाच्या कागदाच्या गुंडाळ्या भरलेल्या पेट्या, नाताळची प्लास्टिकची झाडं आणि फरशी पुसायची बादली. मग वर पाहिलं.

चारी कोपऱ्यांतून विटांच्या फासळ्या उठून माथ्यावर एकत्र येतात, उघड्या छत्रीच्या काड्यांसारख्या. फासळीची वीट वेगळी आहे, तिची खालची कड तिरपी केलेली. ही कड छिन्नीने उतरवली की साच्यातच तशी पाडली, ते पाहायला टॉर्च अगदी जवळ नेला. एका विटेवर छिन्नीचे बारीक तिरके घाव दिसले, शेजारचीच गुळगुळीत. म्हणजे बऱ्याच विटा साच्यातून तशा आल्या असाव्यात आणि कमी पडल्या तिथे गवंड्याने जागेवर घडवून घेतल्या. वीट जेमतेम दोन इंच जाड. रंग एक नाही: गुलाबी, पिवळसर, मधेच एखादी भट्टीत जास्त भाजून काळपट जांभळी झालेली. आजचा ठेकेदार ती बाजूला काढेल. इथे ती माथ्यावरच बसवली आहे.

भिंतीत छातीच्या उंचीवर एक कोनाडा. त्याच्या कमानीच्या टोकाला काजळी. सहाशे वर्षांपूर्वीची म्हणावी असा मोह होतो, पण विजेची तार येईपर्यंत इथे मेणबत्त्या आणि कंदील जळतच असणार. काजळीवर तारीख नसते.

एका फासळीवर विजेचा फ्यूजबोर्ड स्क्रूने ठोकलेला आहे. मालकिणीने माझी नजर पाहिली. "माझ्या आधीच्याने," ती लगेच म्हणाली.

*

ही कमान उभी करताना खाली लाकडी साचा लागतो. आमच्याकडचे मिस्त्री आज त्याला सेंटरिंग म्हणतात. साच्यावर विटा रचायच्या, चुन्यात बसवायच्या, आणि मग थांबायचं. सिमेंटची घाई चुन्याला नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो हळूहळू पुन्हा दगड होतो. दमट तळघरात तर आणखी हळू. साचा कधी काढायचा, हा गवंड्याच्या अनुभवाचा प्रश्न होता. लवकर काढला तर कमान गवंड्याच्याच डोक्यावर.

*

विटा किती लागायच्या याचा एक ताळेबंद शिल्लक आहे, तळघराचा नव्हे, बुरुजाचा. नदीच्या वळणावरचा काऊ टॉवर १३९८-९९ मध्ये बांधला. तोफांसाठी बांधलेल्या इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या बुरुजांपैकी हा एक. हिशेबात ३६ हजारांवर विटा आणि गाड्याच्या गाड्या दगड लिहिलेले आहेत. बाहेरून पाहिलं तर सगळा बुरूज विटांचा वाटतो. आत भराव गारगोटीचा. म्हणजे तेव्हाही वीट जपूनच वापरायची. व्यापारी मंडळी हाच महागडा माल घराच्या न दिसणाऱ्या भागात घालत होती, हे लक्षात ठेवायला हवं. दर्शनी भागात लाकूड, पोटात वीट.

*

का? १५०७ पाहावं.

एप्रिलच्या अखेरीस एक आग, चार दिवस चाललेली. जूनच्या सुरुवातीला दुसरी. दोन्ही मिळून ७१८ घरं गेली असा आकडा जुन्या इतिहासात येतो. घरं होती तरी कशाची? लाकडाचा सांगाडा, कुडाच्या भिंती, वर गवताची शाकारणी, आणि दोन घरांमध्ये हात घालायला जागा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर अशा गल्लीत एक ठिणगी पुरते. अशा आगी आधीही लागलेल्या होत्या, आणि घर जळणार हे गृहीत धरूनच व्यापारी बांधत होता. घर पुन्हा उभं करता येतं. लोकरीचे, कापडाचे गठ्ठे जळाले तर धंदा बसतो. म्हणून जळू नये ते कमानीखाली ठेवायचं आणि माणसांनी लाकडी घरात राहायचं.

मला हे जरा विचित्र वाटतं. घरातली सगळ्यात सुरक्षित खोली मालाची, मुलाबाळांची नव्हे. पण तो हिशेब निर्दय नव्हता. माणसाला पाय असतात, गठ्ठ्याला नसतात.

*

एल्म हिल ही गल्ली त्या आगीत जवळजवळ साफ झाली. एकच घर वाचलं, ब्रिटन्स आर्म्स. विनोद असा की त्याचं छप्पर आजही गवताचंच आहे. आगीच्या आधी त्या घरात काही अविवाहित बायका एकत्र, धर्माचरणात राहायच्या. वाऱ्याची दिशा म्हणा, बायकांची पुण्याई म्हणा. आगीनंतर नव्या घरांवर गवत घालू नये, कौलं घालावीत असा नियम शहराने केला. वाचलेल्या घराला तो लागू करायची कोणाला गरज पडली नाही.

*

याच गल्लीत पास्टन कुटुंबाचं घर होतं. त्यांचा पत्रव्यवहार इंग्लंडच्या पंधराव्या शतकाचा मोठा दस्तऐवज मानतात. घर जळलं. जागा ऑगस्टीन स्ट्युअर्ड या श्रीमंत व्यापाऱ्याने घेतली, नवं बांधलं. तो पुढे तीनदा महापौर झाला. त्याचं दुसरं घर टूमलँडला, कॅथीड्रलच्या दारासमोर: लाकडी, एका बाजूला असं कललेलं की पर्यटक त्याच्यासमोर मान तिरकी करून फोटो काढतात. त्याच्याखालीही तळघर आहेच.

*

पॉटरगेट, १९७३. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या आधाराने १९७१ मध्ये नॉर्विच सर्व्हे नावाचं काम सुरू झालं होतं. नवीन बांधकामं भराभर निघत होती, ती जमीन उलथायच्या आत जेवढं पाहता येईल तेवढं पाहून घ्यायचं, हा उद्देश. पॉटरगेटवर खणताना तळघरं लागली, आणि ती १५०७ च्या राखेने भरलेली होती. वरचे मजले जळत जळत खाली आले, सोबत घरातलं सगळं घेऊन आले, आणि कोणी ते उपसायला परत आलं नाही. भांडी, कढयांचे तुकडे, पुस्तकाला लावायच्या धातूच्या पट्ट्या, पैशाच्या बटव्यांच्या चौकटी.

पुरातत्त्ववाल्यांना अशी जागा सोन्याची. एरवी घरातून माणसं निघून जातात तेव्हा कामाचं सगळं बरोबर नेतात आणि मागे उरतो कचरा. इथे उरलं ते एका दिवसाचं घर. पण एक नोंद करायला हवी: तळघर होतं तरी सामान वाचलं नाही. कमान भक्कम असेल तरच वरचा भार झेलते. वर नुसता लाकडी तक्ता असेल तर तळघर म्हणजे राख भरायचा खड्डा.

*

आणि ज्यांना तळघर नव्हतंच त्यांचं काय? नदीपलीकडच्या आम्स लेनवर १९७६ मध्ये खणलं तेव्हा पंधराव्या शतकातली मातीच्या भिंतींची घरं सापडली. बसकी, एकमजली, कारागिरांची. आज नॉर्विचमध्ये असं एकही घर उभं नाही. शहराच्या मार्गदर्शिकेत मध्ययुगीन नॉर्विच म्हणून जे दाखवतात, ते ज्यांच्याकडे विटा होत्या त्यांचं नॉर्विच.

*

आगीनंतर कितीतरी जागा वर्षानुवर्षं उजाड पडल्या. इतक्या की १५३४ मध्ये पार्लमेंटला नॉर्विचमधल्या रिकाम्या जागांसाठी कायदा करावा लागला. मुदतीत बांधा, नाहीतर निदान कुंपण घाला. तेही जमत नसेल तर जागा जाईल. सत्तावीस वर्षं ओसाड. भर शहरातली जागा एवढी पडून राहते तेव्हा लोकांकडे पैसा नाही एवढंच ते सांगत नाही. भाडेकरू मिळेल अशी खात्रीही कोणाला नाही, हे सांगतं.

*

तळघराचा काळ कसा ठरवायचा? लाकूड असतं तर त्याच्या वलयांवरून तोडल्याचं वर्ष काढता आलं असतं. नुसत्या विटांच्या कमानीत लाकूड नाही. वीट स्वतःहून फारसं बोलत नाही. एकाच भट्टीची वीट पन्नास वर्षांनी दुसरीकडे पुन्हा वापरलेली असू शकते. मग कमानीचा आकार पाहायचा: आधीच्या कमानी जास्त टोकदार, नंतरच्या चपट्या होत गेलेल्या. हा अंदाज झाला. त्याला जोड कागदाची.

कागद मात्र नॉर्विचजवळ भरपूर. १२८५ पासून शहराच्या न्यायालयात घरजमिनीची खरेदीखतं नोंदवली जात होती. त्यांत चतुःसीमा दिलेल्या आहेत: अमक्याच्या घराच्या पूर्वेला, राजाच्या रस्त्याच्या उत्तरेला. तलाठ्याच्या दारात उभं राहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही भाषा परकी वाटणार नाही. एकाच्या खतातला शेजारी दुसऱ्याच्या खतातला मालक. असे दुवे जोडत अभ्यासकांनी गल्लीच्या गल्ल्या कागदावर उभ्या केल्या आहेत. मग जमिनीखालची भिंत त्या सीमेवर पडते का, ते पाहायचं. बरेचदा पडते. वरचं घर पाडलं, वाढवलं, अठराव्या शतकात पुढून विटांचा नवा सरळ मुखवटा चढवला. खालची भिंत तिथेच, कारण ती हलवायची तर शेजाऱ्याशी भांडण.

*

किंग स्ट्रीटवरचा ड्रॅगन हॉल. रॉबर्ट टॉप्स या कापड व्यापाऱ्याने १४२७ च्या सुमारास बांधला. वर लांबलचक लाकडी दिवाणखाना, पण राहायला नव्हे. माल मांडायला, गिऱ्हाइकाला दिपवायला. मागे वेन्सम. होडीत माल घातला की यारमथच्या बंदरातून समुद्र आणि समुद्रापलीकडे हॉलंड-फ्लँडर्सच्या पेठा. जाताना नॉरफोकचं लोकरी कापड, येताना तिकडचा माल. छताच्या लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे.

तळघर मात्र टॉप्सचं नाही. त्याच्या आधी सुमारे शंभर वर्षं तिथे असलेल्या घराचं आहे. त्याने ते बुजवलं नाही, पाडलं नाही, वापरात ठेवून वर आपलं बांधलं. टॉप्स चारदा महापौर झाला, म्हणजे पैशाची ददात नव्हती. फुकटात मिळालेलं कोठार कोण सोडतो?

त्याच्यानंतर दिवाणखान्याचे तुकडे पडले. भाड्याच्या खोल्या, दुकानं, दारूचा गुत्ता. ड्रॅगन पार्टिशनांमागे गेला, लोक विसरले. १९७० च्या दशकात पुन्हा नीट पाहिलं तेव्हा कळलं की हे काय आहे. आज तिथे राष्ट्रीय लेखन केंद्र आहे. कापड गेलं, अनुवादक आले.

*

स्ट्रेंजर्स हॉल नावाच्या म्युझियममध्येही सगळ्यात जुना भाग जमिनीखालचाच, १३२० च्या आसपासचा. वरच्या खोल्या पिढ्यान् पिढ्या वेगवेगळ्या व्यापारी-महापौरांनी बांधत नेल्या. नावातले स्ट्रेंजर्स म्हणजे परके. कापडाचा धंदा बसला म्हणून १५६५ मध्ये शहराने फ्लँडर्सकडून तीस विणकर कुटुंबं बोलावली. थोड्याच वर्षांत हजारोंनी आले. एका टप्प्यावर शहरातला दर तिसरा माणूस त्यांच्यातला होता. ते बरोबर कॅनरी पक्षी घेऊन आले असं सांगतात, आणि नॉर्विचचा फुटबॉल संघ आज त्याच पक्ष्याच्या नावाने ओळखला जातो. बाहेरून आलेल्यांबद्दल तेव्हाही कुरकुर झाली होती, तो भाग टी-शर्टवर छापत नाहीत.

*

प्रत्येक तळघरात एक भुयार असतं. म्हणजे सांगण्यात असतं. इथून थेट कॅथीड्रलला, तिथून थेट किल्ल्यावर. दाखवतात ती बुजवलेली कमान. बहुतेक वेळा ती भिंतीतली कपाटाची खोबण निघते, नाहीतर शेजारच्या तळघराचं जुनं दार, मालक वेगळे झाल्यावर विटा लावून बंद केलेलं. उताराच्या ओल्या जमिनीत अर्धा मैल भुयार खणायला कोण, कशासाठी गेलं असतं, हे कोणी विचारत नाही.

पुण्याच्या माणसाने यावर हसू नये. शनिवारवाड्यातून पर्वतीला जाणारं भुयार आमच्याकडेही आहे. फरक एवढाच की आमच्या आख्यायिकेच्या खाली काहीतरी खरं आहे: नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा भूमिगत नळ, जागोजाग माणूस आत चालू शकेल एवढा. लोकांनी तो पाहिला आणि त्यातून घोडेस्वार पळवले.

*

सगळी तळघरं एका कामाची नव्हती. दक्षिण किनाऱ्यावरच्या विंचेल्सीला राजा पहिल्या एडवर्डच्या काळात, तेराव्या शतकाच्या अखेरीला, आखून नवं गाव वसवलं. तिथे दगडी तळघरं आहेत, रस्त्यावरून रुंद पायऱ्या थेट खाली, गॅस्कनीची दारू ठेवायला. चवही बहुधा तिथेच बघायची. नॉर्विचला रस्त्याकडून असा राजेशाही प्रवेश फार कमी ठिकाणी. जिना अरुंद, अंगणातून किंवा घरातूनच. इथे गिऱ्हाईक बोलवायचं नव्हतं.

*

ब्राइडवेल: याचं तळघर शहरातलं सगळ्यात मोठं सांगतात. घर १३२५ च्या सुमाराचं. १४०४ मध्ये नॉर्विचला पहिला महापौर मिळाला, विल्यम ॲपलयार्ड, तो याच घरचा. १५८३ पासून इथे भिकारी-भटक्यांना डांबायचा तुरुंग. बाहेरच्या भिंतीत गारगोट्या फोडून चौकोनी केल्या आहेत, एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून की फटीत नख जाणार नाही. सुरुवातीला मी गारगोटीला कड नाही म्हटलं. कड आणता येते. पैसे असले की.

*

दमटपणाबद्दल. खाली वर्षभर एकच गारवा, दहा-अकरा अंशांचा. भिंतींना लोणा. विटेतून ओल वर चढते, पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात. पांढरी भुकटी, हात लावला की झडते. जुन्या चुन्याच्या सांध्यांतून ही ओल बाहेर पडायची. मागच्या शतकात कोणीतरी 'पक्कं काम' म्हणून सिमेंटने सांधे भरले. आता ओल सिमेंटमधून निघत नाही, विटेतून निघते, आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. चौदाव्या शतकातली वीट आग सोसून टिकली, आणि विसाव्या शतकातल्या दुरुस्तीने सोलली जातेय. उपाय एकच: सिमेंट हाताने, छिन्नीने, हलकेच खरवडून काढायचं आणि पुन्हा चुना भरायचा.

*

३ मार्च १९८८. अर्लहॅम रोडवर डबलडेकर बस उभ्या उभ्या मागच्या अंगाने रस्त्यात खचली. खाली खडूच्या जुन्या खाणीची पोकळी होती. जीव गेला नाही. तळघरांशी याचा काही संबंध नाही, पण नॉर्विचच्या जमिनीखालचा विषय निघाला की दोन मिनिटांत ती बस येतेच, म्हणून नोंदवून ठेवतो.

*

शहरात 'द अंडरक्रॉफ्ट' अशी पाटी विचारत गेलो तर लोक सिटी हॉलसमोरच्या बागेखाली पाठवतात. तिथे चित्रप्रदर्शनं भरतात. ती जागा १९३८ ची, काँक्रीटची.

*

पुन्हा त्या दुकानाच्या मालकिणीशी बोलणं झालं. तिच्या तळघराची एक कमान शेजाऱ्याच्या दुकानाखाली जाते. वरची जमीन त्याची, खालची खोली तिची. इंग्लंडच्या कायद्यात एकाची मालमत्ता दुसऱ्याच्या वर-खाली गेली की तिला फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात, आणि अशा जागेवर कर्ज द्यायला बँका कां-कूं करतात. लोणा तिच्या कमानीला लागलाय. ओल त्याच्या फरशीखालच्या फुटक्या नळातून येते, असं तिचं म्हणणं. नळ शाबूत आहे, तळघरच जुनं आहे, असं त्याचं. तिने चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याकडून अंदाजपत्रक मागवलं आणि त्याची एक प्रत शेजाऱ्याच्या दारातून आत सरकवली. तेव्हापासून तो रस्त्यात दिसला की पलीकडच्या फुटपाथवरून जातो, म्हणाली.